बॉयलरवाल्याला सर्टिफिकेट, नंबर काढणाऱ्याला गुमास्ता : डोळे तपासणाऱ्यांच्या नोंदवहीची गोष्ट

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांना पुन्हा उजळणी म्हणून, आणि एसटीत रेंज जाते म्हणून वाचणंच बरं असं म्हणणाऱ्यांसाठी हा लेखी मजकूर. बोलताना जे इकडचं तिकडे झालं होतं ते जरा नीट लावलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून लगेच पुढे ढकलू नका. विषय आहे नियामक परिषद. म्हणजे एखाद्या धंद्यात कोण शिरणार, काय शिकून शिरणार आणि चुकलं तर कोण विचारणार, हे ठरवणारी माणसं. त्यातही डोळ्यांची काळजी घेणाऱ्यांची परिषद. आणि गोष्ट सुरू होते आमच्या कळंबपासून.

कळंब म्हटलं की लोकांना धाराशिव जिल्ह्यातलं कळंब आठवतं. ते नव्हे. हे पुणे जिल्ह्यातलं, इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या पाण्यावरचं, वालचंदनगरला खेटून असलेलं. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी या शिवारात साखर कारखाना उभा केला आणि माळाचं रूप पालटलं. पुढे तिथे साखरेच्या जोडीला यंत्रं बनायला लागली: साखर कारखान्यांची, सिमेंट कारखान्यांची, नंतर अणुभट्ट्यांचे आणि इस्रोच्या रॉकेटचे भागसुद्धा. म्हणजे आमच्याकडे एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला लेथ, वेल्डिंग, ग्राइंडर. डोळ्याला इजा व्हायला दोन्ही पुरेसं.

माझे मोठे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक कागद जपून ठेवलेला असायचा: सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट. त्यासाठी त्यांनी परीक्षा दिली होती, समोर बसलेल्या परीक्षकांनी उलटसुलट प्रश्न विचारले होते. १९२३ चा बॉयलर कायदा आणि त्याखालचे नियम तेव्हा असे होते की सर्टिफिकेट असलेल्या माणसाच्या ताब्यात असल्याशिवाय बॉयलर चालवायचा नाही. कारण सरळ आहे. बॉयलर फुटला तर माणसं मरतात.

आता याच गावात, त्याच काळात, डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्याला काय लागत होतं? दुकान. आणि दुकानाला गुमास्ता, म्हणजे १९४८ च्या मुंबई दुकाने आणि आस्थापना कायद्याखालची नोंदणी. साडीच्या दुकानाला जो कागद लागतो तोच. त्यात कामगारांना सुट्टी किती आणि दुकान उघडायचं किती वाजता हे होतं. दुकानात बसलेल्या माणसाला डोळा कळतो का, हे विचारायची त्या कायद्याला गरजच नव्हती.

मी हे चष्मेवाल्यांना कमी लेखायला सांगत नाहीये. त्यांच्यातले कितीतरी लोक अनुभवाने तयार झालेले, हाताने साफ. पण चांगला कोण आणि नुसता काचा विकणारा कोण, हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? जगभरात हाच प्रश्न पडला आणि त्याची उत्तरं बरीच मजेशीर निघाली.

लंडनला जाऊया. १६२९ मध्ये राजा चार्ल्स पहिला याने चष्मे बनवणाऱ्यांच्या संघाला सनद दिली. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. या संघाला अधिकार काय, तर बाजारात फिरायचं, खराब चष्मे पकडायचे आणि फोडायचे. १६७१ मधली एक नोंद आहे. एका दुकानदार बाईकडे बावीस डझन चष्मे सापडले, काचा वाईट, फ्रेम वाईट. हिशोब करा, २६४ चष्मे. संघाच्या लोकांनी ते सगळे उचलले, कॅनन स्ट्रीटवर लंडन स्टोन नावाचा जुना दगड आहे तिथे नेले आणि भर रस्त्यात हातोडीने चुरा केला. ही त्या काळची नियामक कारवाई. नोटीस नाही, खुलासा नाही, थेट हातोडी.

मला यात महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी फोडला तो चष्मा. डोळा तपासणारा माणूस अजून चित्रात नव्हता, कारण तेव्हा कोणी डोळा तपासतच नव्हतं. टोपलीतला एकेक चष्मा लावून बघायचा, ज्यातून नीट दिसेल तो घ्यायचा. आपल्या जत्रेत अगदी अलीकडेपर्यंत असंच चालायचं.

माणसाचा प्रश्न आला न्यूयॉर्कमध्ये. साल १८९२. चार्ल्स प्रेंटिस नावाचा चष्मेतज्ज्ञ होता, प्रकाशशास्त्रात पक्का. त्याने एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासले, त्याला काहीतरी गडबड वाटली म्हणून हेन्री नॉइज या मोठ्या नेत्ररोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. तपासणीचे ३ डॉलर घेतले होते, ते चिठ्ठीतून डॉक्टरांना कळलं. डॉक्टरांचं उत्तर आलं, त्याचा भावार्थ असा: तुम्ही दुकानदार, चष्म्याचे पैसे घ्या, तपासणीची फी घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही. भांडण ३ डॉलरचं दिसतं, पण मुद्दा मोठा होता. डोळा तपासणं हे ज्ञान आहे की दुकानदारी? ज्ञान असेल तर त्याची फी असते, आणि मग त्याची परीक्षा, नोंदवही आणि शिक्षासुद्धा असली पाहिजे. प्रेंटिस आणि त्याच्या सोबत्यांनी उलट मागणी केली की आमच्यावर कायदा करा. पहिला कायदा मिनेसोटा राज्यात १९०१ मध्ये झाला. प्रेंटिसच्या स्वतःच्या न्यूयॉर्कला १९०८ उजाडलं. ब्रिटनमध्ये तर १९५८ मध्ये ऑप्टिशियन्स अॅक्ट आला आणि जनरल ऑप्टिकल कौन्सिल तयार झाली.

आमच्यावर कायदा करा असं कोणी स्वतःहून म्हणतं का? नोंदवहीचा खरा अर्थ तिथे आहे. ती बेडी असते, आणि ती ओळखही असते.

आता मुंबई इलाख्यात येऊ, कारण आपण मागासलेले होतो असं मुळीच नाही. डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा भारतात पहिल्यांदा मुंबई इलाख्यातच झाला, १९१२ मध्ये. परिचारिका, सुईणी यांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा १९३५ चा. वैद्य-हकिमांची नोंदणी करणारा कायदा १९३८ चा, तोही देशात आधी आपल्याकडेच. स्वातंत्र्यानंतर देशपातळीवर १९४७ मध्ये नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, १९४८ मध्ये फार्मसी आणि दंतवैद्यकाचा. दात काढणाऱ्याची नोंद, गोळ्या देणाऱ्याची नोंद, सुई टोचणाऱ्या ताईंची नोंद. डोळ्याचा नंबर काढणारा मात्र राहिला.

का राहिला? माझं मत सांगतो. एक कारण गुमास्त्यात आहे: सरकारच्या डोळ्यांसमोर तो दुकानदार होता. दुसरं, आपल्याकडे डोळ्याची भीती म्हणजे मोतीबिंदूची भीती. गावोगाव फिरून सुईने मोतीबिंदू डोळ्यात मागे ढकलणारे लोक शतकानुशतकं होते. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला दिसायला लागायचं, बिदागी घेऊन ते पुढच्या गावाला, आणि महिन्या-दोन महिन्यांत कितीतरी डोळे सडून जायचे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात काम केलेल्या रॉबर्ट एलियट यांनी १९१७ मध्ये या प्रकारावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यामुळे सगळं लक्ष ऑपरेशनवर गेलं आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर आधीच नोंदवहीत होते. चष्म्याने कोणी मरत नाही, मग कशाला कायदा?

मरत नाही हे खरं. पण चौथीतली पोरगी फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ढ ठरते आणि शाळा सोडते, याची नोंद कुठल्या दवाखान्यात होणार?

तरी माणसं तयार होत राहिली. १९५८ च्या सुमाराला अलीगढ आणि हैदराबादला ऑप्टोमेट्रीचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम सुरू झाले. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला आणि सरकारी दवाखान्यांसाठी नेत्र चिकित्सा सहाय्यक नावाची जमात जन्माला आली. ग्रामीण रुग्णालयात खोलीच्या एका टोकाला अक्षरांचा तक्ता लावून बसलेले, शाळाशाळांत जाऊन पोरांचे डोळे तपासणारे, मोतीबिंदूच्या शिबिरासाठी म्हातारी माणसं गोळा करून गाडीत बसवणारे ते हेच. १९८५ मध्ये शंकर नेत्रालयाने चेन्नईत चार वर्षांची पदवी सुरू केली. नव्वदच्या दशकात पुण्यात भारती विद्यापीठात ऑप्टोमेट्री आली. पदवी मिळाली, पांढरा कोट मिळाला. परिषद मात्र मिळाली नाही.

याचा अर्थ काय होतो ते बघा. चार वर्षं शिकलेला मुलगा आणि सहा आठवडे दुकानात उमेदवारी केलेला मुलगा, दोघंही पाटीवर 'येथे डोळे तपासून मिळतील' लिहू शकत होते. कायद्याला फरक कळत नव्हता. पदवीधरांनी वैतागून स्वतःच ऑप्टोमेट्री कौन्सिल ऑफ इंडिया नावाची स्वयंनियामक संस्था उभी केली. पण स्वेच्छेने नाव नोंदवलेल्या वहीतून नाव काढलं तरी बिघडतं काय? दुकान चालूच राहतं.

दिल्लीत २००७ मध्ये पॅरामेडिकल आणि फिजिओथेरपीच्या केंद्रीय परिषदांचं विधेयक आलं. त्यात फिजिओथेरपी, प्रयोगशाळा आणि एक्स-रेवाले होते. डोळेवाले त्यातही नव्हते, आणि ते विधेयक लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलंच. महाराष्ट्राने फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी २००२ च्या कायद्याने स्वतंत्र परिषद केली. पुन्हा डोळे मागे. २०१८ च्या डिसेंबरात नवं विधेयक राज्यसभेत आलं, संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, बदलून परत आलं आणि शेवटी २०२१ च्या मार्चमध्ये, कोविडच्या दोन लाटांच्या मधोमध, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. नाव लांबलचक आहे: राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. त्याच्या अनुसूचीत दहा गट आहेत, त्यातला एक नेत्र विज्ञानाचा. ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्र सहाय्यक, दोघांची नावं पहिल्यांदा देशाच्या कायद्यात छापली गेली. दंतवैद्यांनंतर ७३ वर्षांनी.

कायदा आकडेमोडही करतो. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणायचं तर किमान ३६०० तासांचं शिक्षण हवं, आणि संलग्न व्यावसायिकाला किमान २००० तास. सहा आठवड्यांची उमेदवारी इथे गळते.

मग सगळं झालं का? नाही हो. कायद्यात म्हटलंय की राज्यांनी सहा महिन्यांत आपापल्या परिषदा नेमाव्यात. सहा महिने गेले, वर्षं गेली. शेवटी तंत्रज्ञांच्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि १२ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने केंद्राला व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून दिली. कायदा पास होणं वेगळं आणि खुर्च्यांवर माणसं बसणं वेगळं. आमच्याकडे कालव्याला पाटबंधारे खात्याची तारीख लागते आणि पाणी येतं तेव्हा येतं, तसलाच प्रकार.

आता त्या खुर्चीवर बसणारा माणूस दिवसभर करतो काय? बैठकीचा चहा सोडून. राज्य परिषदेखाली चार मंडळं आहेत: पदवीच्या शिक्षणाचं, पदव्युत्तर शिक्षणाचं, कॉलेजांची तपासणी करून दर्जा ठरवणारं, आणि नीती व नोंदणीचं. मला चौथं सगळ्यात अवघड वाटतं.

समजा तक्रार आली. एका बाईंना तीन वर्षं नुसता चष्म्याचा नंबर बदलून दिला आणि खरं कारण काचबिंदू होता, तो सापडला तेव्हा नजर निम्मी गेली होती. मंडळाने आधी समोरच्या माणसाला नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, कागद मागवायचे. त्याने डोळ्याचा दाब मोजला होता का? मोजायला हवा होता का? त्याच्या शिक्षणात ते येत होतं का? डॉक्टरकडे पाठवल्याची चिठ्ठी आहे का? आणि सुनावणीला बसलेल्या सदस्यांपैकी एखाद्याचा तो विद्यार्थी असेल, किंवा समोरच्याच रस्त्यावर सदस्याचं दुकान असेल, तर त्या सदस्याने उठून बाहेर जायचं. हे शेवटचं कागदावर सोपं आहे. इंदापूर-बारामतीसारख्या भागात, जिथे लग्नपत्रिकेवर अर्ध्या तालुक्याची नावं असतात, तिथे ते किती अवघड आहे ते मी सांगायला नको.

आणि एक लक्षात घ्या, परिषद नुकसानभरपाई देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात सांगितलंय. परिषदेच्या हातात असतं ते नाव: नोंदवहीत ठेवणं, काही काळ बाजूला काढणं, किंवा खोडणं. लंडनच्या हातोडीपेक्षा हे शांत दिसतं. पण त्या हातोडीने माल फुटला, इथे एखाद्याची आयुष्यभराची भाकरी जाते. म्हणून घाई चालत नाही, आणि म्हणूनच आपल्या माणसाला सांभाळून घेणंही चालत नाही.

सांभाळून घेण्याचा धोका काल्पनिक नाही. डॉक्टरांच्या भारतीय वैद्यक परिषदेचं २०१० मध्ये काय झालं आठवा. अध्यक्षांना लाचेच्या आरोपाखाली सीबीआयने अटक केली आणि सरकारला परिषद बरखास्त करावी लागली. डॉक्टरांनीच चालवलेली, निवडणुका होणारी परिषद. आता नव्या कायद्यांत निवडणुकीऐवजी नेमणुकीवर भर आहे. नेमणुकीने प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. मतदार बदलतो, एवढंच. ब्रिटनच्या ऑप्टिकल कौन्सिलमध्ये बारा सदस्य आहेत, त्यातले सहा या व्यवसायातले आणि सहा बाहेरचे. चष्मा न विकणारे, डोळे न तपासणारे. आपल्या परिषदांत मुख्यतः अधिकारी आणि व्यावसायिक. ज्याच्या डोळ्याबद्दल चर्चा चाललीय त्याला खुर्ची कुठंय?

चष्म्याच्या धंद्यात ही बाहेरची नजर जास्तच लागते, कारण इथे तपासणारा आणि विकणारा बऱ्याचदा एकच असतो. तुम्हाला चष्मा लागतो असं सांगणाऱ्याच्याच काउंटरवर फ्रेम मांडलेल्या असतात. अमेरिकेत १९७८ मध्ये यावर साधा उपाय केला: तपासणी झाली की नंबरचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचाच, त्याने मागितला नाही तरी. मग तो कागद घेऊन तुम्ही कुठूनही चष्मा घ्या. आपल्याकडे तुम्हीच मागून घ्या. फ्री टेस्टिंगच्या बोर्डाखालीसुद्धा मागा. आणि कागदावर तपासणाऱ्याचं नाव आहे का ते बघा. नोंदणी क्रमांक लिहिण्याची पद्धत रुळेल तेव्हा तोही.

आता परत आमच्या उसात येतो, कारण या परिषदेसमोरचा खरा पेच माझ्या मते इथे आहे. उसाचं पातं करवतीसारखं असतं. तोडणी करताना, पाचट काढताना ते डोळ्याला लागतं आणि बुबुळावर बारीक ओरखडा पडतो. दिसतही नाही, नुसतं खुपतं. माणूस चार दिवस काढतो, मग मेडिकलमधून थेंब आणतो. त्या थेंबांत स्टेरॉइड असलं की लाली उतरते, बरं वाटतं. आणि जखमेत बुरशी शिरली असेल तर तिला मोकळं रानच मिळतं. पुढे फूल पडतं, बुबुळ पांढरं होतं, आणि मग चष्मा, ऑपरेशन कशाचाच उपयोग उरत नाही, बुबुळ बदलण्याशिवाय. २०१५ ते १९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतल्या माणसांत अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण हेच निघालं, बुबुळावरचा पांढरा डाग.

नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात यावर एक अभ्यास झाला, २००१ मध्ये छापून आला. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना, म्हणजे डॉक्टर नसलेल्यांना, ओरखडा ओळखायला शिकवलं आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिलं. दिवसातून तीनदा, तीन दिवस. ज्यांना इजेनंतर अठरा तासांच्या आत मलम मिळालं त्यांच्यात एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही.

अठरा तास. कळंबच्या फडातून मोठ्या शहरातल्या नेत्रतज्ज्ञापर्यंत ऊसतोड मजूर अठरा तासांत पोहोचत नाही. उचल घेतलेली असते, मुकादम असतो, बैल असतात. पोहोचला तर जंक्शनच्या किंवा वालचंदनगरच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत पोहोचतो. तिथे बसलेल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे शिक्षण आहे, बरेचदा बुबुळ मोठं करून बघायचं यंत्र आहे. त्याने ते पहिलं मलम द्यावं का? ब्रिटनमध्ये जादा शिक्षण घेतलेले ऑप्टोमेट्रिस्ट औषधं लिहून देतात. आपल्याकडे हा विषय निघाला की नेत्रतज्ज्ञ म्हणतात, आज मलम देतील, उद्या काहीही देतील. आणि मेडिकलमधल्या थेंबांचा अनुभव बघता ती भीती खोटी नाही. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणतात, आम्ही नाही दिलं तर तो मेडिकलमध्येच जाणार आहे.

न्यूयॉर्कचं ३ डॉलरचं भांडण, फक्त आता उसाच्या फडात. आणि ते सोडवायचं काम कोर्टाचं नाही, आमदाराचं नाही. कोणी काय करायचं, कुठे थांबायचं, किती तासांत पुढे पाठवायचं, हे ओळीओळीने लिहून काढायचं काम त्या परिषदेच्या सदस्यांचं आहे. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि तोडीच्या टोळ्या यायला लागतात. तेव्हा परिषदेच्या नेमणुकांची बातमी दिसली, तर नावं वाचा. त्यातला एखादा तरी कधी फडावर उभा राहिलाय का, तेवढं शोधून मला कळवा.